खुलासा: ट्रेनिंगला गेलेल्या मुलाचा फोन बंद का लागतो?

‘पोरगं आर्मीच्या ट्रेनिंगला गेलं नि फोन बंद, म्हणजे नक्की काहीतरी झालंय,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. काळजी वाटणारच. पण कारण साधं आहे: ट्रेनिंग सेंटरवर पोचल्यावर रिक्रूटचा, म्हणजे नव्याने भरती झालेल्या मुलाचा, मोबाइल सहसा जमा होतो. पुढे फोन मिळतो तो ठरल्या वेळी, बहुधा रविवारी. मागे रांग असेल तर थोडाच वेळ.

आजारी पडला तर आधी एमआय रूम (सेंटरमधला तपासणीचा दवाखाना), गरज लागल्यास मिलिटरी हॉस्पिटल. उपचार मोफत. म्हणून ‘मुलगा अ‍ॅडमिट आहे, लगेच पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो कट करा आणि जॉइनिंग लेटरवरच्या नंबरवर विचारा. मुलाच्या पहिल्या फोनमध्येच त्याचा रिक्रूट नंबर, कंपनी, प्लाटून (म्हणजे त्याची मोठी आणि छोटी तुकडी) लिहून घ्या. त्याशिवाय शोध लागायला वेळ जातो. गंभीर प्रसंगी कागदपत्रांत नोंदवलेल्या नातेवाइकालाच कळवतात, आणि तिथे कधी कधी वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर असतो.