जुन्या जीप-जिप्सीसाठी टेम्परेचर गेज आणि हेड अलार्म: बसवून घेण्याआधी हे वाचा

एमएम 540, कमांडर, मेजर, जुनी थार किंवा जिप्सी घेऊन तुम्ही आमच्याकडे टेम्परेचर गेज बसवायला येणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पाण्याचं तापमान दाखवणारा गेज आम्ही हौसेने बसवून देऊ, पण गाडीचं इंजिन वाचवायचं असेल तर त्याच्या जोडीला हेडच्या (इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या) धातूचं तापमान मोजणारा अलार्म घ्या. खिशाला दोन्ही परवडत नसतील तर गेज राहू द्या, अलार्म घ्या. गिऱ्हाइकाला महागडा चकचकीत गेज हवा असतो आणि आम्ही साधा भोंगा घ्या म्हणतो, म्हणून कारण लिहून देतो आहोत.

काटा कधी फसवतो

डॅशबोर्डवरच्या मीटरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट भरलेलं आहे तोवर तो ठीक सांगतो. पण होज पाइप फुटला, रेडिएटरला दगड लागला किंवा वॉटर पंपाचं सील गेलं आणि पाणी उतरलं, की सेन्सरचं टोक उघडं पडतं. मग त्याला वाफ नाहीतर हवा लागते आणि ती पाण्याइतकी उष्णता पोचवत नाही. इंजिन भाजून निघत असतं आणि काटा मात्र खाली यायला लागतो. चालवणारा म्हणतो, चला, झाली गाडी गार. जिप्सीच्या 1298 सीसीच्या जी13बी इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. असं इंजिन पाण्याविना घाटात ओढलं की गॅस्केट जातं, हेड वाकतं, आणि फेसिंग करून (हेड घासून सपाट करून) भागलं तर नशीब समजायचं.

हा प्रकार हायवेपेक्षा ट्रेलवर जास्त होतो. लो-रेंजमध्ये (अवघड वाटेसाठीच्या हळू, जोरकस गिअरमध्ये) गाडी माणसाच्या चालीने जाते, इंजिन मात्र चढ्या आरपीएमवर असतं आणि समोरून वारा नसतो. पावसाळी ट्रेलनंतर रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळून बसतो. बंपरवरून पाणी मारलं की बाहेरून स्वच्छ दिसतो, पण आत तसाच राहतो (पाणी इंजिनाच्या बाजूने मारा, पुढून नको). काही जण ओढा ओलांडताना पंखा पाण्यात अडकून रेडिएटर फाडू नये म्हणून फॅन बेल्ट उतरवतात. पलीकडे गेल्यावर तो चढवायचं राहून जातं. वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक, रेडिएटरच्या कॅपबद्दल. 0.9 बारची चांगली कॅप असेल तर आतलं पाणी जवळजवळ 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक होऊन कॅप दाब सोडत असेल तर महाबळेश्वरच्या उंचीवर तेच पाणी 95-96 अंशांना उकळायला लागतं. गेज बसवायला आलेल्या गाडीची कॅप आम्ही आधी तपासतो. काही वेळा नवी कॅप टाकूनच काम होतं आणि गेजची गरज उरत नाही.

सेन्सर कुठे बसवायचा

बहुतेक चुका इथे होतात. बाजारात मिळणारं सोपं किट म्हणजे वरचा होज कापून मधे ॲल्युमिनियमचा तुकडा टाकायचा आणि त्यात सेन्सर फिरवायचा. दिसायला छान, पण बहुतेक इंजिनांत ही जागा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) पुढची. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे गरम पाणी येतच नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन पेटायला आलं तरी हा गेज गारच दाखवणार. शिवाय तो तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला असल्याने एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग मिळत नाही, त्यासाठी वेगळी वायर ब्लॉकपर्यंत न्यावी लागते. होजमध्येच बसवा असा तुमचा आग्रह असेल तर आम्ही ती वायर टाकतो, पण सल्ला देत नाही.

आमची पसंती थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला. हेडवर मोकळा प्लग असेल तर तिथे, नाहीतर थर्मोस्टॅटच्या घराच्या खालच्या अंगाला. आटे मात्र नीट जुळवावे लागतात. एक अष्टमांश इंचाच्या एनपीटी (अमेरिकन पद्धतीच्या आट्यांच्या) सेन्सरला इंचाला 27 आटे, त्याच मापाच्या बीएसपीला (ब्रिटिश पद्धतीला) 28. चुकीचा सेन्सर दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की हेडचे आटे गेलेच समजा. टेफ्लॉन टेपही बेतानेच लावतो, कारण एका वायरच्या सेन्सरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच जातं आणि भरमसाट टेप गुंडाळला तर ते कच्चं राहतं.

सेन्सर आणि गेज एकाच जोडीचे हवेत. तापमानानुसार रोध किती बदलतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एकाचा गेज आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर काटा हलतो, पण खोटं बोलतो. म्हणून गाडीला बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरून तुमच्यासमोर रीडिंग दाखवतो. इथे साताऱ्याच्या उंचीवर 97-98 च्या आसपास आलं पाहिजे. शंभर दाखवत नाही म्हणून गेज परत करू नका.

हेडचा अलार्म

याचा सेन्सर पाण्यात जात नाही. गोल लगसारखा असतो आणि हेडवरच्या एखाद्या बोल्टखाली दाबून बसतो. उचलण्याच्या कडीचा किंवा हेडवरच्याच एखाद्या ब्रॅकेटचा बोल्ट आम्ही निवडतो. हेड बोल्टला हात लावत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करतो, नाहीतर उष्णता पोचत नाही. मॅनिफोल्डच्या बाजूची जागा टाळतो. तिथे सायलेन्सरचीच धग मोजली जाईल.

अलार्म किती अंशांवर लावायचा हे पेटीवरच्या कागदावरून ठरत नाही. गाडी घेऊन वाईहून पसरणी घाट चढायचा, शक्यतो दुपारी आणि माणसं भरून. निरोगी गाडी वर पाचगणीला पोचेपर्यंत जास्तीत जास्त जिथे जाते, त्याच्या 10 अंश वर अलार्म. त्याहून खाली लावला तर प्रत्येक घाटात वाजेल आणि तुम्ही महिनाभरात त्याची वायर उपटाल.

वायरिंगबद्दल थोडक्यात. कनेक्शन इग्निशननंतरचं, स्वतंत्र छोट्या फ्यूजवर. वायपरच्या किंवा हॉर्नच्या वायरला जोड मारून नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून रबरी कडी. लष्करी लिलावातून आलेल्या काही गाड्यांत 24 व्होल्टची वायरिंग असते, त्यामुळे आधी मल्टिमीटर लावून बघतो.

ऑइल प्रेशर गेजचं काय?

जरूर बसवा, पण नळीवाला नको. त्यात गरम ऑइल थेट केबिनमध्ये येतं आणि नळी सुटली तर पायावर सांडतं. इलेक्ट्रिक घ्या. त्याचा सेन्सर जड असतो; ब्लॉकवर पितळी टी लावून त्यावर लटकवला तर डिझेलच्या हादऱ्यांनी टी तुटते आणि ऑइल बाहेर. आम्ही जाळीदार होजने सेन्सर बाजूला नेऊन फायरवॉलवर बांधतो. मूळ लाल दिवा काढत नाही. टर्बोचा दाब दाखवणारा बूस्ट गेज टर्बो नसलेल्या गाडीला मागू नका, मागितलात तरी देणार नाही.

अलार्म वाजला तर

आधी पाण्याच्या काट्याकडे बघा. तोही हळूहळू चढत असेल तर इंजिनात पाणी आहे. गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा आणि आरपीएम थोडा वर ठेवून पंखा व पंप चालू राहू द्या. जिप्सीत हीटर असेल तर पूर्ण उघडा. तापमान उतरायला लागलं की मग बंद करा. दोन-तीन मिनिटांत उतरत नसेल तर वाट बघू नका, बंद करा.

अलार्म वाजतोय आणि काटा खाली पडतोय, तर पाणी गेलं. चार्जिंगचा दिवा लागला असेल तर बेल्ट तुटलाय. या दोन्हींत त्याच क्षणी इंजिन बंद, पुढच्या वळणापर्यंतही नेऊ नका. कॅप गरम असताना उघडायची नाही आणि तापलेल्या इंजिनावर ओढ्याचं गार पाणी ओतायचं नाही. किमान अर्धा तास थांबा.

काम एका दिवसात होतं, पण सकाळी आम्हाला इंजिन थंड लागतं. लांबून येणार असाल तर आदल्या संध्याकाळी गाडी सोडून जा. कूलंट कधी बदललं आणि कुठल्या रंगाचं भरलं आहे ते आठवून या; काढलेलं पाणी गंजाच्या रंगाचं निघालं तर आधी फ्लशिंग करू, त्याचे पैसे वेगळे.