को-क्यू-टेनची गोळी आणि लांबलेलं म्हातारपण

‘चाळिशीनंतर रोज को-क्यू-टेन घ्या, पेशींना ऊर्जा मिळते, म्हातारपण लांबतं,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

यातलं अर्धं खरं आहे. को-क्यू-टेन हे सहविकर, म्हणजे विकरांना (एन्झाइम्सना) मदत करणारा रेणू. ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं, त्यावर एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन बनतं. पण ते शरीर स्वतःच तयार करतं. ऊर्जा येते ती भाकरी-भातातून. गोळीचं पाकीट उलटून बघा: १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा, त्यात कॅलरी कितीशा असणार? निरोगी माणसाचं तारुण्य त्याने टिकतं, हे सिद्ध झालेलं नाही.

ते तेलात विरघळतं, म्हणून उपाशीपोटी घेतलं तर कमी शोषलं जातं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. त्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावा लागतो.