नूर्ती

नूर्ती : सिंहली भाषेतील संगीतप्रधान नाट्यप्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलंबोत तो उदयास आला आणि बोलपटांचे युग येईपर्यंत शहरी सिंहली प्रेक्षकांच्या मनावर त्याचेच राज्य होते. ‘नूर्ती’ या शब्दाचा संबंध सर्वसाधारणपणे संस्कृत ‘नृत्य’ या शब्दाशी जोडतात.

त्यापूर्वी किनारपट्टीवर ‘नाडगम’ हा लोकनाट्यप्रकार प्रचलित होता. तमिळ आणि कॅथलिक परंपरेतून आलेला हा खेळ उघड्यावर, मद्दल या तालवाद्याच्या साथीने, लागोपाठ अनेक रात्री चाले. नूर्तीने चित्रित पडदे, चौकटीचा रंगमंच, हार्मोनियम आणि एका बैठकीत संपणारे कथानक आणले.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. सी. डॉन बास्तियान (१८५२–१९२१) यांचे ‘रोलिना’ हे नाटक १८७७ च्या सुमाराचे मानतात आणि काही अभ्यासक त्यालाच पहिली नूर्ती म्हणतात. बहुसंख्य सिंहली ग्रंथकार मात्र १८८२ मधील मुंबईच्या पारशी नाटक मंडळीच्या कोलंबो-दौऱ्याला निर्णायक महत्त्व देतात. ‘रोलिना’ हा नाडगमकडून नव्या रंगमंचाकडे जाणारा टप्पा समजावा आणि नूर्तीचा घाट पारशी रंगभूमीमुळे पक्का झाला असे मानावे, हे अधिक सयुक्तिक वाटते. ही मंडळी कोणती, हा वेगळा प्रश्न. सिंहली संदर्भांत ‘के. एम. बालीवाला यांची एल्फिन्स्टन नाटक मंडळी’ असा उल्लेख वारंवार येतो. परंतु मुंबईच्या नाट्येतिहासात खुर्शेदजी बालीवाला यांचे नाव ‘व्हिक्टोरिया नाटक मंडळी’शी जोडलेले आहे. दोन मंडळ्यांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या असण्याचा संभव आहे. पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) रंगमंचावर येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, हा समकालीन संदर्भ मराठी वाचकाने ध्यानात घ्यावा.

नूर्तीला प्रतिष्ठा मिळाली ती जॉन द सिल्वा (१८५७–१९२२) यांच्यामुळे. वकिली करणाऱ्या या नाटककाराने पाश्चात्त्य अनुकरणात हरवलेल्या समाजाला त्याचा इतिहास पदांतून ऐकवला. ‘सिरिसंगबो’ (१९०३) आणि ‘श्री विक्रम राजसिंह’ (१९०६) ही त्यांची गाजलेली नाटके. त्यांना संगीत देण्यासाठी विश्वनाथ लावजी यांना भारतातून बोलावून घेण्यात आले. ते मुंबईहून आल्याचे सांगितले जाते. केवळ नावावरून त्यांना मराठी ठरवू नये. लवजी हे नाव गुजराती व पारशी समाजांतही रूढ आहे. लावजींना सिंहली येत नसे. नाटककार प्रसंग आणि रस समजावून देई, लावजी हार्मोनियमवर चाल बांधीत आणि मग त्या चालीत शब्द बसवले जात, अशी परंपरागत माहिती आहे. आधी चाल, मग शब्द, ही रीत संगीत नाटक जाणणाऱ्याला परकी वाटणार नाही.

‘सिरिसंगबो’मधील ‘दन्नो बुदुंगे’ हे पद त्याच रीतीचे फळ. दूरच्या गावाहून निघालेल्या तिघा तरुणांना अनुराधपुर ही श्रीलंकेची प्राचीन राजधानी प्रथम दृष्टीस पडते आणि बुद्धधर्म जाणणाऱ्या, शील पाळणाऱ्या जनांची ही नगरी, असे ते गातात. चालीचे मूळ हिंदुस्थानी रागसंगीतात आहे की पाश्चात्त्य भक्तिगीतात, यावर संगीतज्ञांत वाद आहे. चाल बांधणाऱ्या लावजींची तालीम पाहता पहिल्या मताकडे कल झुकतो. मात्र गायक ह्यूबर्ट राजपक्ष यांनी पाश्चात्त्य गायकीने ते गाऊन दुसऱ्या समजुतीला बळ दिले असावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्रीलंकेच्या स्वातंत्र्यदिनी गायिका किशानी जयसिंह यांनी ते ऑपेराच्या ढंगात गायले, तेव्हा मोठे वादळ उठले. शंभर वर्षांहून जुन्या नाट्यपदासाठी लोक इतके हळवे होतात, यातच त्याची थोरवी दिसते.

६ डिसेंबर १९११ रोजी कोलंबोतील मरदाना भागात टॉवर हॉल नाट्यगृह सुरू झाले, ते चार्ल्स डायस यांच्या ‘पंडुकाभय’ नाटकाने. नाडगममध्ये स्त्रीभूमिका पुरुष करीत. नूर्तीने हळूहळू स्त्रियांना रंगमंच दिला. अ‍ॅनी बोतेजू व लक्ष्मीबाई यांची नावे यात आदराने घेतली जातात. रुक्मणी देवी (१९२३–७८) यांची घडणही टॉवर हॉलच्या परंपरेतली. तमिळ ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या गायिका-अभिनेत्रीने सिंहलीतील पहिल्या बोलपटात, ‘कडवुणु पोरोंदुव’मध्ये (१९४७), नायिकेची भूमिका केली.

नूर्तीचा प्रेक्षक आणि आरंभीच्या सिंहली कादंबरीचा वाचक बहुतांशी एकच होता. कादंबरीकार पियदास सिरिसेन यांच्या लेखनातही तोच बौद्ध स्वाभिमान आढळतो.

बोलपटांपुढे नूर्ती टिकली नाही. टॉवर हॉलचेही चित्रपटगृह झाले. नाटककार व कादंबरीकार एदिरिवीर सरच्चंद्र यांनी ‘मनमे’ (१९५६) रचताना नूर्ती बाजूला सारून नाडगमचा आधार घेतला. त्यांच्या दृष्टीने नूर्ती उसनी होती. हा निवाडा नाट्यरचनेपुरता मान्य करता येईल, पदांना तो लावता येत नाही. १९७८ मध्ये कायद्याने टॉवर हॉल प्रतिष्ठान स्थापन झाले आणि नाट्यगृह पुन्हा नाटकांसाठी खुले झाले.