इंग्रजी मॅटर देताना कॅपिटल अक्षरांची काळजी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॅटलॉग, माहितीपत्रके, लेटरहेड आणि बायोडाटा यांचे इंग्रजी मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, आमच्या छापखान्याकडे देणारे ग्राहक प्रूफ (तपासणीसाठी काढलेली कच्ची प्रत) हातात पडताच बहुधा दोनपैकी एक प्रश्न विचारतात. आम्ही दिलेली कॅपिटल अक्षरे तुम्ही लहान का केलीत, हा पहिला. आणि सगळेच कॅपिटलमध्ये छापले तर उठून दिसेल, मग अडचण काय, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकदाच सविस्तर द्यावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

सर्वांत जास्त वेळ ज्यात जातो ती गोष्ट म्हणजे कॅप्स लॉक दाबून आरंभापासून शेवटपर्यंत टाइप केलेले मॅटर. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडील एखाद्या कारखान्याच्या पंपाच्या कॅटलॉगातील साधी ओळ घ्या: ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, पीव्हीसी केबल, एलईडी दर्शक. ही ओळ संपूर्ण कॅपिटलमध्ये आली की कोणते अक्षर मुळात मोठे होते आणि कोणते केवळ कळ दाबलेली राहिल्यामुळे मोठे झाले, हे मॅटरवरून ओळखण्याचा मार्ग उरत नाही. संगणकाला प्रत्येक शब्दाचे फक्त पहिले अक्षर मोठे ठेवण्यास सांगितले, तर हर्ट्झचे चिन्ह योगायोगाने बरोबर येते, पण किलोवॅटचा के मोठा आणि डब्ल्यू लहान होतो, म्हणजे नेमके उलटे. पीव्हीसीचा फक्त पी मोठा उरतो, आणि एलईडी हे इंग्रजीतील एका भलत्याच क्रियापदासारखे दिसू लागते. सर्व अक्षरे लहान केली, तर आयटी विभाग आणि ‘ते’ या अर्थाचे सर्वनाम यांत फरक राहत नाही. मग आमचा माणूस एकेक ओळ हाताने दुरुस्त करत बसतो आणि तरीही शंका आपल्यालाच फोन करून विचाराव्या लागतात.

मोजमापांच्या बाबतीत हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. वॅट, व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ ही एकके शास्त्रज्ञांच्या नावांवरून आलेली असल्याने त्यांच्या चिन्हातील पहिले अक्षर मोठे असते. मात्र एककाचे नाव पूर्ण लिहिले तर ते लहान अक्षरानेच सुरू होते. हजार दाखवणारा के लहान असतो; मोठा के हे केल्विन या तापमानाच्या एककाचे चिन्ह आहे. वॅटच्या आधीचा एम मोठा असेल तर मेगावॅट आणि लहान असेल तर मिलीवॅट, आणि या दोहोंत शंभर कोटी पटींचा फरक पडतो. इंटरनेट जोडणीच्या जाहिरातीत बी लहान असेल तर बिट, मोठा असेल तर बाइट. वेगाचा आकडा तोच राहून अर्थ आठपट बदलतो, आणि ग्राहकाने तो छापील पत्रक दाखवून मागितला तर विक्रेत्याची पंचाईत होते. लिटरपुरती सवलत आहे: लहान एल हा १ या अंकासारखा दिसतो, म्हणून १९७९ पासून लहान व मोठा असे दोन्ही एल मान्य आहेत. आमच्याच व्यवसायात कागदाचे वजन सर्रास तीन मोठ्या अक्षरांत जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) असे लिहिले जाते, जे या नियमांत कोठेच बसत नाही. ती सवय आम्हीही सोडलेली नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

नावांचा नियम वेगळा आहे. व्यापारी नाव त्याच्या मालकाने जसे ठरवले तसे लिहावे: वाय-फायमध्ये डब्ल्यू आणि एफ मोठे व मध्ये आडवी रेघ, यूट्यूबमध्ये वाय आणि टी मोठे, ब्लूटूथमध्ये केवळ पहिले अक्षर मोठे. आयफोनचा आय लहान आणि पी मोठा असतो. वाक्याच्या आरंभी असे नाव आले तर आम्ही ते वाक्यच थोडे फिरवून घ्यावे असे सुचवतो. बायोडाटांमध्ये हमखास आढळणारी चूक अशी की जावा, पायथन आणि टॅली ही नावे संपूर्ण कॅपिटलमध्ये लिहिली जातात, जणू ती लघुरूपेच आहेत. ती लघुरूपे नाहीत, त्यामुळे त्यांचे पहिले अक्षर तेवढे मोठे करावे. उलट एमएस-सीआयटी हे खरोखर लघुरूप असल्याने त्यातील सर्व अक्षरे मोठीच राहतात. लघुरूपाचा विस्तार मात्र, ते विशेषनाम नसेल तर, लहान अक्षरांत लिहावा. सीसीटीव्ही किंवा सीएनसी यांचा विस्तार करताना प्रत्येक शब्दाला मोठे अक्षर देण्याचे कारण नाही. लेझर आणि रडार हीसुद्धा एके काळी लघुरूपेच होती, पण आता ती साधी नामे झाली असून लहान अक्षरांत लिहिली जातात.

काही शब्दांची रूढीच बदलली आहे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने आपल्या लेखनसंहितेत २०११ साली ईमेलमधील आडवी रेघ काढली आणि २०१६ साली इंटरनेट व वेब हे शब्द लहान अक्षराने लिहिण्यास सुरुवात केली. आम्हीही तसेच करतो. आपल्या कंपनीची पद्धत जुनी असेल आणि तीच हवी असेल तर आमचा आग्रह नाही. एका कॅटलॉगात मात्र दोन पद्धती छापू नयेत, एवढेच आम्ही सुचवू.

संकेतस्थळांच्या पत्त्यांबाबत विशेष विनंती आहे. पत्त्यातील मुख्य नाव मोठ्या किंवा लहान, कोणत्याही अक्षरांत चालते, परंतु तिरप्या रेघेनंतरच्या भागात हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. यूट्यूबवरील चित्रफितीच्या दुव्यातील अक्षरे कॅपिटल केली की तो दुवा उघडत नाही, आणि पत्रके वाटून झाल्यावर त्यावर इलाज नसतो. असे दुवे टाइप न करता जसेच्या तसे उतरवून पाठवावेत.

शंका असलेली अक्षरे आम्ही मनाने बदलत नाही, खूण करून प्रूफ परत पाठवतो, याला काही ग्राहक दिरंगाई म्हणतात. पण मिलीवॅट की मेगावॅट, हे माल बनवणाऱ्यानेच सांगायला हवे; आणि छपाईची प्लेट निघाल्यानंतर सापडलेली चूक दुरुस्त करण्यापेक्षा प्रूफाची एक जास्तीची फेरी नक्कीच स्वस्त पडते. संपूर्ण कॅपिटलमधील मॅटरसाठी टायपिंगचा वेगळा दर लावतो तो याच श्रमांचा.

तेव्हा मॅटर नेहमीच्या लहान-मोठ्या अक्षरांतच द्यावे. शीर्षके कॅपिटलमध्ये हवी असतील तर शेजारी तसे लिहावे. वर्डमध्ये स्वतः करायचे असेल तर फॉन्टच्या चौकटीतील ऑल कॅप्स हा पर्याय निवडावा. त्यात अक्षरे मोठी दिसतात, पण मूळ टायपिंग शाबूत राहते. मजकूर मराठी-इंग्रजी मिश्र असेल आणि मराठी भाग युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात असेल, तर संपूर्ण फाइलवर अक्षरबदलाची आज्ञा कधीही देऊ नये. त्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी कळांवरच बसवलेली असल्याने अख्खा मराठी मजकूर विस्कटतो.

नियमित ग्राहकांसाठी आम्ही प्रत्येक कंपनीच्या उत्पादनांची नावे, एकके आणि लघुरूपे यांची मान्य यादी जपून ठेवतो, त्यामुळे पुढच्या वेळी तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागत नाहीत. पहिल्यांदा येताना जुना कॅटलॉग किंवा यंत्रावरील माहितीपट्टीचे छायाचित्र सोबत आणल्यास ही यादी आम्ही मॅटर घेतानाच तयार करून आपली सही घेऊ. तिचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत.