मराठवाड्यातील सोडलेल्या खदानी : पार्श्वभूमी

मराठवाड्यात खाण म्हटले की कोळसा किंवा लोखंड नव्हे, तर काळ्या दगडाची खदान डोळ्यांसमोर येते. वडार समाजाने पहार, छिन्नी आणि घणाच्या बळावर पिढ्यान्पिढ्या हा दगड फोडला. १९७२ च्या दुष्काळात तर एरवी शेतीत राबणाऱ्या हजारोंनी सरकारी कामांवर खडी फोडून दिवस काढले. पुढे धरणे, रस्ते आणि वाढत्या शहरांसाठी क्रशर आले. दगड संपला किंवा खाणपट्ट्याची (खोदकामासाठी भाड्याने दिलेल्या जागेची) मुदत सरली, की यंत्रे हलत आणि उभ्या कड्यांचा खड्डा, पुष्कळदा गावाच्या गायरानातच, मागे राहत असे.

खड्डा तसाच सोडून जाण्याची ही मोकळीक कायद्याच्या रचनेतूनच आली. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम १५ ने गौण खनिजांचे, म्हणजे दगड-वाळूसारख्या बांधकामाच्या खनिजांचे, नियम राज्यांवर सोपवले, आणि राज्यांनी दीर्घकाळ त्यांच्याकडे मुख्यतः रॉयल्टीचे साधन म्हणून पाहिले. प्रमुख खनिजांना २००३ पासून खाणबंदीचा आराखडा आणि आर्थिक हमी सक्तीची झाली. दगड, मुरूम व वाळू त्याबाहेर राहिली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे ठरवले, आणि ८ जानेवारी २०२० रोजी काम संपल्यावर जमीन चारा उगवण्याजोगी करण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्यास सांगितले. गायरानावर शेळ्या चारणाऱ्याला हे आधीच ठाऊक होते. अडचण एवढीच, की अशी अट चालू पट्टेदारावर बसते. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या खदानीचा जबाबदार कुठून आणायचा?

मग सर्वांत स्वस्त उपाय म्हणून शहराचा कचरा त्यात लोटला जातो, आणि तोच सर्वांत घातक आहे. बेसाल्टमध्ये भूजल सांधे, भेगा आणि झिजलेल्या थरांतून झिरपते, त्यामुळे कचऱ्याचा काळा पाझर खालच्या अंगाच्या विहिरींपर्यंत पोहोचू शकतो. परळीच्या औष्णिक केंद्राची राख भरायची तरी तिचा पाझर विहिरींपर्यंत जाईल का, हे आधी तपासावे लागेल. पाणी साचलेली खदान उन्हाळ्यात टँकरग्रस्त गावाला उपयोगी पडू शकते. पण त्यासाठी पाण्याची तपासणी, कड्यांना पायऱ्या आणि भोवती कुंपण हवे. हा खर्च उचलण्याची एक सोय कायद्यात आहे : २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ नुसार राज्य सरकार गौण खनिजांच्या पट्टेदारांकडूनही जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी, म्हणजे खाणकामाची झळ बसलेल्या भागांसाठीच्या जिल्हा निधीसाठी, रक्कम घेऊ शकते.