गणित विभागात जायचंय, पण शिकायला की भेटीला? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

परदेशी विद्यापीठाच्या गणित विभागात जायचे दोन रस्ते आहेत. पदवी घ्यायची असेल तर विद्यापीठाचं प्रवेश पोर्टल. काही आठवडे किंवा महिने तिथल्या लोकांबरोबर काम करायचं असेल तर एक माणूस, म्हणजे तुम्हाला बोलवायला तयार असलेला प्राध्यापक. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा या दोन रस्त्यांची सरमिसळ झाल्यामुळे. कुणी प्रवेशाच्या पोर्टलवर ‘तीन महिन्यांसाठी यायचं आहे’ असं लिहितो, कुणी प्राध्यापकांना ‘मला एमएस्सीला घ्या’ अशी ईमेल टाकतो. दोघांनाही उत्तर येत नाही. त्यात उर्मटपणा नसतो, ते काम समोरच्याच्या हातातच नसतं.

पीएचडीचं गणित थोडं वेगळं आहे. अमेरिकेत प्रवेश समिती ठरवते आणि बॅचलर पदवीवरूनही थेट अर्ज करता येतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं, आणि जर्मनीसारख्या देशात मार्गदर्शकाचा होकार आधी मिळवावा लागतो.

<b>पदवीसाठी अर्ज</b>

पात्रतेच्या रकान्यात ‘गणित किंवा समकक्ष विषयातली पदवी’ एवढंच लिहिलेलं असतं. समिती प्रत्यक्षात बघते ते हे, की लिनिअर अल्जेब्रा, रिअल आणि कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, ग्रुप आणि रिंग, थोडी टोपोलॉजी हे सगळं सिद्धतांसकट झालंय का. तुमच्या गुणपत्रिकेवर मात्र ‘गणित पेपर ६’ असं छापलेलं असतं. परक्या देशातल्या वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार?

म्हणून एक जास्तीचा कागद तयार करा, कुणी मागितला नसला तरी. प्रत्येक पेपरला दोन ओळी: ‘पेपर ६: रिअल ॲनालिसिस. मेट्रिक स्पेस, कॉम्पॅक्टनेस, युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, रीमान इंटिग्रल. एक सत्र, आठवड्याला ४ तास.’ शिवाय कोणतं पुस्तक होतं आणि त्यातली किती प्रकरणं खरोखर शिकवली, तेही. शक्य असेल तर विभागप्रमुखांचा सही-शिक्का घ्या. माझ्या मते उद्देशपत्रातल्या (स्टेटमेंट ऑफ पर्पज) ‘लहानपणापासून मला गणिताची आवड’ या परिच्छेदापेक्षा हा कागद दसपट कामाचा आहे. तो परिच्छेद काढूनच टाका. त्या जागी तुम्ही स्वतः झगडून समजून घेतलेलं एखादं प्रमेय किंवा प्रकल्प येऊ द्या.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. ती तुम्ही जोडायची नसतात. पोर्टल प्राध्यापकांना लिंक पाठवतं आणि ते थेट तिथे अपलोड करतात. सरांना किंवा मॅडमना किमान महिनाभर आधी विचारा, आणि सोबत तुमचे गुण, त्यांच्याकडे केलेलं काम आणि शेवटची तारीख एका पानावर लिहून द्या. ‘हुशार, कष्टाळू, वर्गात पहिला’ छापाच्या पत्राला वजन नसतं. ‘अमुक सिद्धतेतली चूक याने स्वतः शोधली’ या एका वाक्याला असतं. ते वाक्य सरांना आठवावं यासाठीच ते पान.

अमेरिकेतले काही विभाग जीआरईची गणित विषयाची परीक्षा मागतात, बरेच आता ऐच्छिक ठेवतात. ६६ प्रश्न, २ तास ५० मिनिटं, आणि त्यातले जवळपास निम्मे कॅल्क्युलसचे. टोपोलॉजीत बुडालेली पोरं इथे साध्या इंटिग्रलवर घसरतात, तेव्हा जुन्या वह्या काढा. हा निकाल ५ वर्षं चालतो. आयईएल्टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा मात्र २ वर्षंच. अमेरिकेत आर्थिक मदतीसकट आलेल्या प्रवेशावर निर्णय कळवण्याची शेवटची तारीख बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिल असते. त्याआधी कुणी घाई करत असेल तर नम्रपणे वेळ मागायला हरकत नाही.

<b>भेटीसाठी: पहिली ईमेल</b>

गणित विभागाला प्रयोगशाळा नसते. पाहुण्याला लागतं ते एक टेबल, ग्रंथालयाचं कार्ड, वाय-फाय आणि फळा. त्यामुळे ‘या’ म्हणणं यजमानाला तुलनेनं सोपं जातं, मात्र तुम्ही कशासाठी येताय हे त्याला पहिल्या पाच ओळींत कळायला हवं. मूळ ईमेल अर्थातच इंग्रजीत जाईल. तिचा ऐवज असा असावा:

‘तुमच्या पेपरमधल्या प्रमेय ३ मध्ये ग्राफ रेग्युलर असण्याची अट आहे. रेग्युलर नसलेल्या, ८ शिरोबिंदूंपर्यंतच्या ग्राफांवर मी त्या प्रमेयातली असमानता तपासली आणि ती सगळीकडे टिकली. अट काढता येईल का, यावर मी काम करतोय. दोन पानी टिपण जोडलं आहे. पुढच्या सत्रात सहा आठवडे तुमच्या विभागात येता येईल का? प्रवासखर्चाची सोय माझ्याकडे आहे, राहण्याच्या खर्चाची नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पैशाचा विषय संकोचानं टाळला की तो निमंत्रणाच्या टप्प्यावर येऊन आदळतो. सोबत दोन पानांचा बायोडेटा आणि लेख आर्काइव्हवर (arXiv, संशोधन-लेखांचा खुला ऑनलाइन साठा) असल्यास त्याचा दुवा, बस. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. त्यानंतर दुसरं नाव बघा.

‘रामानुजननी नाही का हार्डींना पत्र लिहिलं’ असं म्हणत काही जण पन्नास पानं सूत्रं पाठवतात. १९१३ च्या त्या पत्राला केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी काय उत्तर दिलं, हेही लक्षात घ्या: त्यांनी सिद्धता मागितल्या. आणि पट्टी-कंपासनं कोणत्याही कोनाचे तीन समान भाग केल्याचा दावा तर नकोच. ते होत नाही हे फ्रेंच गणिती वांत्झेलनं १८३७ मध्येच सिद्ध केलंय, आणि अशी पत्रं विभागांकडे अजूनही येतात.

काही संस्था खास पाहुण्यांसाठीच आहेत, पण प्रत्येकीचं दार वेगळं. बॉनच्या माक्स प्लांक गणित संस्थेत आणि प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीच्या गणित शाखेत संशोधक स्वतः अर्ज करतात. तिथे पीएचडी झालेली असावी लागते. जर्मनीतल्या ओबरवोल्फाखच्या आठवडी कार्यशाळांना निमंत्रणाशिवाय जाता येत नाही. पीएचडीच्या आधीच्या विद्यार्थ्यानं बघावी ती इटलीतल्या ट्रिएस्टेची आयसीटीपी: १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी सुरू केलेली संस्था. विकसनशील देशांतल्या पदवीधरांसाठी तिथे वर्षभराचा डिप्लोमा आहे, गणिताचाही, आणि निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळतं.

<b>निमंत्रणपत्र आणि व्हिसा</b>

प्राध्यापकांची ‘नक्की या’ अशी ईमेल म्हणजे निमंत्रणपत्र नव्हे. विभागाच्या लेटरहेडवर, सहीसकट, पासपोर्टवरचं नाव, येण्या-जाण्याच्या तारखा, कामाचा विषय, खर्च कोण करणार आणि विभाग कोणत्या सोयी देणार, एवढं असलेलं पत्र मागा. मसुदा आला की प्रत्येक तारीख स्वतः तपासा. हे पत्र विभागाच्या कार्यालयातल्या व्यक्तीकडून निघतं. तिच्याशी अदबीनं वागणाऱ्याचं काम अर्ध्या वेळात होतं.

व्हिसा कामाच्या स्वरूपावर आणि मुदतीवर ठरतो. शेंगेन देशांत (एकच अल्पमुदतीचा व्हिसा चालणारे युरोपातले देश) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत अल्पमुदतीचा व्हिसा चालतो, त्यापुढे त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. अमेरिकेत संशोधनासाठी साधारणपणे जे-१ व्हिसा. त्यासाठी विद्यापीठच डीएस-२०१९ हा फॉर्म देतं. इथे एक खाच आहे. ‘रिसर्च स्कॉलर’ म्हणून नोंद झाली तर तो कार्यक्रम संपल्यावर २४ महिने त्याच प्रकारात परत जाता येत नाही. सहा महिन्यांच्या आतली भेट असेल तर ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ या प्रकाराची विचारणा करा. त्याला ही अट लागत नाही, फक्त मुदत सहा महिन्यांपुढे वाढत नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन अभ्यासक्रमाला नाव घालणं चालत नाही. सहज गावात असाल आणि एखाद्या सेमिनारला मागच्या बाकावर बसायचं असेल तर बहुतेक विभागांत कुणी अडवत नाही, तरी आयोजकांना आदल्या दिवशी एक ओळ पाठवावी.

<b>फाइल</b>

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका किंवा सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, निमंत्रण किंवा प्रवेशपत्र, निधीचा पुरावा, आरोग्यविमा, स्वतःच्या संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र. कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर. १९६१ च्या हेग करारातल्या देशात मूळ कागद दाखवायचे असतील आणि प्रमाणीकरण मागितलं असेल तर बहुतेक ठिकाणी अपोस्टिल (आपल्या सरकारनं कागदावर दिलेला प्रमाणीकरणाचा शिक्का) पुरतं, दूतावासाच्या फेऱ्या वाचतात.

नावाचं मात्र आधी बघा. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि निमंत्रणपत्रात मधलं नाव गायब. तीन कागद, तीन माणसं! प्रतिज्ञापत्र, नवीन निमंत्रणपत्र आणि व्हिसाची हुकलेली तारीख, यात पाच आठवडे गेले. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमानं, सगळीकडे लिहा. ईमेलखालच्या सहीतसुद्धा, कारण कार्यालय तिथूनच ते उचलतं.

पोचल्यावर पहिल्या दिवशी विभागाच्या कार्यालयात नोंदणी, ओळखपत्र आणि खोलीची किल्ली. दुपारच्या चहाची वेळ विचारून घ्या. यजमान त्यांच्या खोलीत सापडले नाहीत तरी तिथे सापडतात. आणि भेट पूर्ण झाल्याचं, तारखा लिहिलेलं पत्र निघायच्या आधीच्या आठवड्यात मागा. शेवटच्या शुक्रवारी दुपारी कार्यालयाला कुलूप असतं, आणि किल्ली पेटीत टाकून निघावं लागतं.