तंजावरची पावलं, किळिमानूरचा कुंचला

सध्या एका नर्तिकेचं व्यक्तिचित्र रंगवतोय. ती भरतनाट्यम शिकवते, स्वतः रचना बसवते. शिक्षण बडोद्याच्या सुरसागर तळ्यासमोरच्या संगीत-नृत्याच्या कॉलेजातलं. पहिल्याच बैठकीला अडलो. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धी बसलेली असताना, ती लांबून दगडासारखी स्थिर दिसते. पण थोड्या वेळानं मांडी थरथरते आणि घुंगरं आपोआप बारीक वाजू लागतात. हे वाजणं रंगवायचं कसं?

उत्तर शोधताना जुन्या बडोद्यात शिरलो. इथे नाच आणि तैलरंग दोन्ही दक्षिणेतून आले, आणि दोन्हींमागे माणूस एकच: दिवाण टी. माधवराव. कुंभकोणमचे, घरची बोली मराठी. आधी त्रावणकोरचे दिवाण होते, म्हणून तिथल्या किळिमानूरच्या चित्रकार रवि वर्मांना ओळखत. 1875 साली बारा वर्षांचे सयाजीराव गादीवर आले, तेव्हा कारभार माधवरावांकडे होता. 1880 मध्ये महाराजांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाईंशी झालं. इथे त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर गौरी आणि कांतीमती या नर्तिका आल्या, नट्टुवनार म्हणजे ताल धरून नाच बसवणारे गुरू आले, वादक आले. आंदणात माणसंही आली, हे लिहिताना हात थोडा अडखळतो.

पुढच्याच वर्षी, 1881 मध्ये, महाराजांना राज्याधिकार मिळाले त्या सोहळ्याला रवि वर्मा आले. 1888 मध्ये त्यांना चौदा पौराणिक चित्रांचं काम मिळालं. शालूची चुणी, मोत्यांवरचा उजेड यांत त्यांचा हात कोण धरणार! पण माझ्या मते नाचतं अंग हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांच्या नायिका नाटकातल्या प्रवेशासारख्या थबकलेल्या असतात. नाच आणि चित्र एकाच दरबारात होते, पण त्यांचं एकमेकांकडे फारसं जाणं-येणं नव्हतं.

नाच मात्र इथलाच होऊन गेला. कांतीमतींचे चिरंजीव कुबेरनाथ यांनी बडोद्यात नाच शिकवला आणि त्यांचं आडनावच तंजोरकर झालं. शेवटी तो -कर लागलाच! 1949 मध्ये विद्यापीठ झालं. 1950 पासून ललित कला शाखेत इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकवू लागले. नृत्यालाही विद्यापीठात जागा मिळाली. ललित कला शाखेच्या पुष्पबागेतून नृत्याच्या सुरसागरापर्यंत रिक्षानं कितीसा वेळ लागतो! तरी माझ्या विद्यार्थीदशेत ते अंतर मी क्वचितच ओलांडलं.

माझी नर्तिका सध्या बसवतेय ते तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी निरूपणांपैकी, म्हणजे नाचासाठी रचलेल्या कथागीतांपैकी, एक. नाच दक्षिणेचा, बोल आपले. मी चेहऱ्यापासून सुरुवात केली होती. ती कॅनव्हासजवळ आली, पाहिलं आणि म्हणाली, "दादा, माझं तोंड पासपोर्टवर आहेच की. तुम्ही टाच बघा."

चेहरा पुसून टाकलाय. आता खालून चढतोय. डाव्या टाचेखालची लादी कालच रंगवून झाली.